घरची एकादशी, दारची बारस



दिंडीची वाटचाल, मुक्काम, विणेकऱ्यांची परंपरा, भिशीचे हिशेब हे सगळं या ग्रंथात इतर मंडळींनी लिहिलंच आहे. आम्हा तिघा-चौघा जुन्या टाळकऱ्यांच्या वाट्याला विषय आला तो घरच्या आषाढीचा. विषय सोपा आहे असं समजून आम्ही हो म्हटलं आणि लिहायला बसल्यावर कळलं की हाच सगळ्यात अवघड. दिंडीची वही असते. कोण निघालं, कुणी किती वर्गणी दिली, ट्रकला किती पैसे गेले, सगळं तिच्यात सापडतं. घराची वही कुठे असते? घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंडच्या खोल्यांत शंभर वर्षं जी एकादशी चालली तिचा हिशेब बायकांच्या डोक्यात होता, आणि त्यातल्या बऱ्याचजणी आता वैकुंठवासी झाल्या. तेव्हा ज्या आहेत त्यांच्यापाशी बसून, आणि आमच्या आया-आज्यांचं आठवून, हे लिहीत आहोत. चूकभूल पदरात घ्यावी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. वारी म्हटलं की डोळ्यापुढे रस्ता येतो, रिंगण येतं, दिवेघाट येतो. पण पंढरीची कथा सुरू कुठे होते ते पाहा. पुंडलिक आईबापाची सेवा करतो आहे, देव दाराशी आला आहे, आणि हा हात रिकामा नाही म्हणून वीट सरकवून थांब म्हणतो. म्हणजे देव उभा राहिला तो एका घराच्या दारात, घरातलं काम संपेपर्यंत. सावता महाराज तर परंपरेच्या सांगण्याप्रमाणे अरणचा मळा सोडून पंढरीला गेलेच नाहीत. जनाबाईंची सगळी भक्ती जात्याशी, शेणगोळ्याशी. आमच्या संप्रदायात घर हे वारीला न गेलेल्यांचं मागे राहिलेलं ठिकाण कधीच नव्हतं. हे मुंबईत येऊन राहिलेल्या माणसांना फार लवकर कळलं, कारण त्यांना दुसरा इलाजच नव्हता.

इलाज का नव्हता, तर त्यासाठी थोडा इतिहास. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली ती याच आपल्या पट्ट्यातून. तरी पुढची कितीतरी वर्षं इथे भातखाचरं, मिठागरं, आगरी-कोळ्यांची गावठाणं आणि डोंगराच्या बाजूला पाडे हेच होतं. १९२० साली सरकारनं मुंबई उपनगर जिल्हा वेगळा केला. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली. आमच्या दिंडीची पहिली वही साधारण त्याच दिवसांतली. तेव्हा घाटकोपर किंवा मुलुंड म्हणजे मुंबई नव्हेच. मुंबई महापालिकेची हद्द १९५० साली भांडुपपर्यंत आली आणि मुलुंड तर १९५७ साली आत घेतलं. एक म्हातारी आम्हाला म्हणाली, "आमी मुंबईला आलो न्हाई, मुंबईच आमच्याकडं आली." ती मूळची साताऱ्याकडची. तिचा सासरा कुर्ल्याच्या स्वदेशी मिलमध्ये साच्यावर होता.

असे सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, नगरकडचे घाटी आणि खाली रत्नागिरीकडचे कोकणी कामासाठी आले. कुणी गिरणीत, कुणी रेल्वेत, कुणी दगडाच्या खाणीत, कुणी गोठ्यावर. घाटावरच्यांनी गळ्यातली माळ बरोबर आणली. भांडुप-नाहूर-मुलुंडच्या आगरी मंडळींत माळकरी होतेच. या दोघांची गाठ भजनात पडली आणि त्यातून आपली दिंडी झाली. पण आळंदी ते पंढरपूर पायी म्हणजे अडीचशे किलोमीटर आणि जवळजवळ तीन आठवडे. गिरणीत तीन आठवड्यांची रजा कोण देणार? त्यात जो बदली कामगार, त्याचा एक दिवस चुकला तर त्याच्या जागी दुसरा उभा. मग घरातला एकजण जायचा, तोही पुष्कळदा सगळी वाट न चालता. कुर्डुवाडीपर्यंत मोठ्या गाडीनं आणि तिथून बार्शी लाईटच्या अडीच फुटी रुळांवरच्या छोट्या गाडीनं पंढरपूर, दशमीला पोहोचायचं आणि बारस सोडून परत. बाकीचं घर इथेच. ज्यांना जमेल ते वडाळ्याच्या विठ्ठलाला जायचे. मुंबईकर त्याला प्रतिपंढरपूर म्हणतात आणि आषाढीला तिथली रांग आजही संपता संपत नाही. पण पोरंबाळं, दुखणाईत, बाळंतीण, दुसऱ्या पाळीचा कामगार या सगळ्यांना उरली ती दहा बाय दहाची खोली.

त्या खोलीत देव कसा होता ते सांगायला हवं. पितळी टाक फार थोड्या घरांत. बहुतेक ठिकाणी भिंतीवर काचेच्या चौकटीतलं चित्र. आज त्याचं काही वाटत नाही, पण ही रंगीत छापील देवाची चित्रं गरिबाच्या भिंतीवर आली त्याला दीडशे वर्षंही झाली नाहीत. राजा रविवर्म्यानं आपला छापखाना १८९४ साली काढला तो आपल्याच घाटकोपरला. पुढे तो मळवलीला गेला. आम्हाला ही गोष्ट कळली तेव्हा मोठी गंमत वाटली. आणि गंमत सोडली तर एक मोठी गोष्टही त्यात आहे. त्या काळी पंढरीच्या मंदिराची पायरी सगळ्यांना चढता येत नव्हती. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, आणि त्यांच्या जातभाईंना त्यानंतर सहाशे वर्षं त्या समाधीपाशीच थांबावं लागलं. भिंतीवरच्या चित्राला मात्र कुणी बडवा नव्हता. ज्याच्या घरात चित्र त्याच्या घरात देव, आणि पूजा करायला कुणाला विचारायचं कारण नाही. आमच्या दिंडीत सुरुवातीपासून जी दलित घरं होती त्यांच्यासाठी घरची एकादशी ही मुख्य गोष्ट होती, हे आम्ही आता समजतो. तेव्हाच्या मोठ्या माणसांना ते समजलं होतं का? त्याबद्दल पुढे येईलच.

आता प्रत्यक्ष नेम. शुद्ध नवमीला कांदेनवमी. चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं बंद, म्हणून आदल्या दिवसांत कांद्याची भजी, कांद्याचं थालीपीठ, सगळं पोटभर. पोरांना या दिवसाची वाट वारीपेक्षा जास्त. दशमीला घर सारवायचं. चाळीत जमीन शहाबादी फरशीची झाली तरी आमच्या आज्या कोपरा धरून शेणाचा हात फिरवायच्या, नाहीतर त्यांना दशमी वाटायचीच नाही. त्या रात्री एकच जेवण, तेही साधं. एकादशीला पहाटे नळाला पाणी यायच्या आधी उठायचं. उपनगरातल्या एकादशीचा मुहूर्त पंचांगानं ठरत नाही, नळानं ठरतो, असं आमचे एक विणेकरी म्हणायचे. अंघोळ, कपाळाला गोपीचंदन आणि बुक्का, तुळशीला पाणी, देवाला तुळशीची माळ, काकड्याचे अभंग. संध्याकाळी हरिपाठ, रात्री जागर. दोन एकादश्या लागोपाठ आल्या तर आपण वारकरी भागवत एकादशी धरतो, हे नव्या सुनांना पहिल्या वर्षीच सांगितलं जायचं, कारण शेजारच्या घरात स्मार्त धरलेली असायची आणि मग साबुदाणा भिजवण्यावरून घोटाळा.

तुळशीचं वेगळं सांगायला हवं. गावाकडे अंगणात वृंदावन. इथे अंगणच नाही. मग तुळस आली ती गॅलरीच्या कठड्यावर, डालड्याच्या रिकाम्या डब्यात, डब्याला खाली खिळ्यानं भोकं पाडून. एकीची तुळस वाळली की दुसरी आपल्या मंजिऱ्या चोळून तिच्या डब्यात टाकायची. एका मजल्यावर अशी एकाच तुळशीची दहा-बारा लेकरं असायची. पायी वारीत बायका डोक्यावर तुळस घेऊन चालतात तिचं आपल्याकडे फार कौतुक होतं आणि ते योग्यच आहे. पण वर्षभर डब्यातली तुळस जगवणं, पाण्याची टंचाई असताना भांडी घासायच्या आधी तिला पहिला तांब्या देणं, हीसुद्धा वारीच आहे असं आम्हाला वाटतं. बोरिवलीच्या जंगलात मुंबईला पाणी देणारा एक तलाव १८७९ साली बांधून झाला, त्याचं नाव तुळशी. आमच्या आत्याबाई म्हणायच्या, "तिचंच पाणी तिला घालतोय, आपलं काय जातंय?"

अर्थ विचारला तर कीर्तनकार महाराज सांगतात की पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं आणि अकरावं मन, ही अकरा एक दिवस देवाकडे वळवणं म्हणजे एकादशी. आम्ही ते मानतो. पण आमच्या घरच्या बायकांना विचारलं तर उत्तर वेगळं येतं. एक म्हणाली, महिन्यातून दोन दिवस चूल थंड राहिली की चुलीचं मोल कळतं. दुसरी म्हणाली, "माजं सासर मोठं. येकादशीला भाकरी थापायच्या नसायच्या. त्या दिवशी मी बसून हरिपाठ म्हनू शकत हुते. मला दुसरं काय पायजे?" हा अर्थ कुठल्या ग्रंथात आम्ही वाचलेला नाही. तरी तो लिहून ठेवतो.

फराळाबद्दल मात्र थोडं बोलायला हवं, कारण एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आपल्यालाच लावली जाते आणि बरोबर लावली जाते. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याच्या फोडी, शेंगदाण्याची आमटी, वर हिरवी मिरची. या ताटातला एकही जिन्नस ज्ञानोबा-तुकोबांच्या आधीपासूनच्या उपासातला नाही. बटाटा, रताळं, भुईमूग, मिरची आणि ज्या कंदापासून आता साबुदाणा होतो तो कंद, सगळे अमेरिका खंडातले. फिरंग्यांच्या गलबतांतून हिंदुस्थानात आले. आपली साष्टी, म्हणजे वांद्र्यापासून मुलुंड-बोरिवलीपर्यंतचा हा मुलूख, १५३४ पासून १७३९ पर्यंत त्याच पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. म्हणजे शास्त्रानं चालतं की नाही यावर ज्या पदार्थांसाठी भांडणं होतात ते जहाजानं आलेले पाहुणे आहेत. जुन्या बायका भगर आणि ताकावर दिवस काढायच्या. आम्ही कुणाला खिचडी सोडा म्हणत नाही, आम्हीही खातो. पण ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी साबुदाण्यावर दिवस काढू नये, आणि निर्जळीचा हट्ट तर मुळीच करू नये. गेल्या काही वर्षांत आमच्यातली दोन माणसं एकादशीच्या रात्री भोवळ येऊन पडली आहेत. गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारून, वेळेवर खाऊन हरिपाठ म्हणा. देव रागावत नाही.

पण खरी गोष्ट एकादशीची नाही, बारशीची आहे. उपास सगळेच करतात. उपास सोडताना कोण बरोबर बसतं यावर वारकरी ओळखावा. गावाकडे बारस सोडायला कुणीतरी वारकरी, वाटसरू, शेजारी बोलावल्याशिवाय घरचे जेवायचे नाहीत. इथे चाळीत ती पद्धत आपोआप मोठी झाली. सकाळी पाळी संपवून आलेला, बायकोपोरं गावाला असलेला, खाणावळीत जेवणारा असा एकटा पुरुष प्रत्येक मजल्यावर असायचा. त्याला आधी वाढायचं. डाळ-भात, घेवड्याची किंवा भोपळ्याची भाजी, पुरण परवडलं तर पुरण. ताटं घरातली, पंगत गॅलरीत.

आणि इथेच आम्हाला एक गोष्ट कबूल करायची आहे. शताब्दीच्या पुस्तकात ती नको असं काहींनी सुचवलं. आम्हाला वाटलं, शंभर वर्षांच्या पुस्तकात नाही तर कधी? आमच्या दिंडीची पहिली बावीस-तेवीस वर्षं बारशीची पंगत एक नव्हती. टाळ एकत्र, हरिपाठ एकत्र, एकमेकांच्या पाया पडणं एकत्र, आणि जेवायला मात्र गॅलरीच्या दोन टोकांना दोन पंगती. जिन्याच्या बाजूच्या पंगतीत कोण बसायचं हे न सांगता सगळ्यांना माहीत. वाढणारी भांडीही वेगळी. नाथांच्या घरची पितरांची पंगत कुणासाठी वाढली गेली ती कथा कीर्तनात ऐकायची, डोळे पुसायचे आणि खाली येऊन दोन पंगतींत बसायचं.

१ मे १९४७ रोजी साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. मागणी एकच, विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं करा. त्याआधी काही महिने ते महाराष्ट्रभर हिंडून हेच सांगत होते. दहा तारखेला उपोषण सुटलं, मंदिराचं दार उघडलं. आमच्याकडच्या जुन्या माणसांनी सांगितलेलं असं, की त्या वर्षीच्या आषाढीला आमची दिंडी परतल्यावर तेव्हाच्या विणेकरी बुवांच्या मंडळींनी दोन्ही पंगतींच्या मधल्या मोकळ्या जागेत आपलं पान मांडलं आणि तिथेच बसल्या. बोलल्या काही नाहीत. बुवा थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांच्या शेजारी बसले. पुढच्या बारशीला एकच पंगत झाली. चार-पाच घरं उठून गेली, त्यातली दोन परत आली.

ही गोष्ट इथे संपली असती तर बरं वाटलं असतं. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर आमच्यातल्या काही घरांनी माळ उतरवली. भिंतीवरचं चित्र बदललं. बाबासाहेबांना चोखोबांचं मोल कमी होतं असं नाही. अस्पृश्य मूळचे कोण या विषयावरचं आपलं पुस्तक त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केलं आहे. जी घरं गेली त्यांच्याबद्दल आमच्याकडे पूर्वी नाराजीनं बोललं जायचं. आम्हाला तसं बोलायचा अधिकार आहे असं वाटत नाही. तेवीस वर्षं जिन्याच्या टोकाला बसवून मग एक दिवस मध्ये बसायला बोलावलं, तर कुणी म्हणेल, तुमची पंगत तुम्हालाच लखलाभ. त्या घरांपैकी एका घरातली आजी मात्र शेवटपर्यंत बारशीच्या दिवशी आमच्याकडे वाटीभर काहीतरी घेऊन यायची. जेवायची नाही, वाटी ठेवायची आणि आमच्या तुळशीला पाणी घालून जायची. ती का येते हे आम्ही कधी विचारलं नाही.

पुढचा मोठा घाव १९८२ चा. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर आले, आणि तो संप कधी मिटलाच नाही. त्या वर्षी दिंडीची वही पाहिली तर वर्गणीची पानं जवळजवळ कोरी आहेत. निघालेल्यांची यादी मात्र मोठी आहे! रजा मिळत नाही म्हणून आयुष्यभर थांबलेली माणसं त्या वर्षी वारीला गेली, कारण आता रजा मागायला मालकच नव्हता. मागे घरं कशी चालली ते बायकांनी सांगितलं. एकादशीचा उपास आणि रोजचा उपास यात फरक राहिला नव्हता. तरी बारस मोडली नाही. मुठीचे तांदूळ असं त्याला नाव पडलं. रोज भात शिजवताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची, पंधरा दिवसांनी सगळ्यांचे डबे एकत्र, त्यातून बारशीची खिचडी. ज्याच्या डब्यात काही नसेल त्यानं मीठ आणायचं. ती पद्धत पुढे चालूच राहिली आणि आजच्या आपल्या भिशीचं मूळ तेच आहे.

संपानंतर लालबाग-परळहून पुष्कळ माणसं खोल्या विकून उपनगरात आली, कुणी मुलुंडला, कुणी बोरिवलीला, कुणी त्याही पलीकडे. आपली दिंडी वाढली ती तेव्हा. अंधेरी-जोगेश्वरीकडची भजनी मंडळं जोडली गेली ती तेव्हाच. गिरणगावातली मंडळी येताना आपला बाज, आपले पखवाजी घेऊन आली आणि आमच्या भजनाला खरा रंग चढला, हे आम्ही मोकळेपणानं सांगतो.

जुलै २००० मध्ये, आषाढीच्याच आठवड्यात, घाटकोपरच्या आझादनगरात डोंगर खचला आणि झोपड्यांवर आला. साठहून अधिक माणसं गेली. आमची निम्मी मंडळी तेव्हा पंढरपुरात. इथे घरी राहिलेल्या बायकांनी बारशीसाठी काढलेले डबे उचलले आणि घमेल्यांत भात घेऊन तिकडे गेल्या. पाऊस थांबत नव्हता. तिथे ढिगारा उपसणारे होते, आपलं माणूस सापडेल म्हणून वाट पाहणारे होते. कुणाची जात, कुणाचा धर्म विचारायची ती वेळ नव्हती आणि कुणी विचारलंही नाही. गेलेल्यांपैकी एकीनं आम्हाला सांगितलं, त्या वर्षी आमच्या घरी बारस सुटली नाही, तिथेच सुटली. एका बाईला भात दिला तर तिनं तो हातात घेतला आणि तशीच बसून राहिली, मग त्यातलाच घास हिच्या तोंडाशी धरला. उपास सोडताना आधी दुसऱ्याला वाढायचं असा नेम. त्या दिवशी जिचं सगळं गेलं होतं तिनंच आधी वाढलं.

मग २०२०. टाळेबंदी. शंभर वर्षांत आमची दिंडी निघाली नाही असं पहिल्यांदा झालं. १ जुलैच्या आषाढीला संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. मोबाईलवर ते बघताना धडधाकट माणसं रडली. २०२१ सालीही तसंच. तेव्हा सगळ्यांना विचार पडला, घरी बसून वारी कशी करायची? पुरुषांना पडला म्हणायला हवं. घरातल्या म्हाताऱ्यांना काहीच नवीन नव्हतं. एकीनं आपल्या मुलाला सांगितलं, "चाळीस वर्षं मी हितंच वारी केली. तू पयल्यांदा बघतोयस." दशमीला सारवण, एकादशीला काकडा, रात्री फोनवरून एकमेकांना ऐकवत हरिपाठ. टाळ मागेपुढे पडत होते, एका घरातला अभंग संपला तरी दुसऱ्या घरातला चालूच. आणि बारशीला कुणालाच बोलावता येईना. तेव्हा त्या म्हातारीनं पान वाढलं, दरवाजा उघडून उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि समोरच्या घराची बेल वाजवून आत आली. समोरच्यांनी आपलं पान तिच्या दारात ठेवलं. असं सगळ्या मजल्यावर.

त्यानंतर तिनं आणखी एक केलं, जे अलीकडे आमच्या घरांतून जवळजवळ गेलंच होतं. पंढरीला यात्रा पार पडली की प्रक्षाळपूजा होते. इतके दिवस रात्रंदिवस उभं राहून देव दमलेला असतो, म्हणून त्याला ऊन पाण्यानं अंघोळ आणि काढ्याचा नैवेद्य. जुन्या घरांत हे घरच्या देवालाही करायचे. ज्याच्याकडे टाक आहे त्यानं टाक धुवायचा, ज्याच्याकडे चित्र आहे त्यानं काच पुसायची, आणि सुंठ-गुळाचा काढा ठेवायचा. मग तो काढा घरात जो सगळ्यात जास्त राबला त्याला द्यायचा. त्या वर्षी तिच्या नातवानं तो तिलाच दिला.

आता चाळी राहिल्या नाहीत. पुनर्विकासात टॉवर झाले, गॅलरी गेली, प्रत्येकाचं दार लिफ्टकडे तोंड करून बंद असतं. तुळस खिडकीच्या ग्रिलमध्ये आहे आणि काही सोसायट्यांत ग्रिलबाहेर कुंडी ठेवायला मनाई आहे. काकडा मोबाईलवर लागतो. नव्या पिढीची नोकरी अशी की एकादशीला रात्रपाळी, बारशीला झोप. यात दोष कुणाचा नाही. पण गेल्या वर्षी बारशीचं जेवण आम्ही केटररकडून हॉलमध्ये ठेवलं, माणसं आली, ताटं घेतली, आपापल्या ओळखीच्यांत उभ्यानं जेवली आणि गेली. कोण उपाशी राहिलं, कोण एकटं होतं, हे कुणाला कळलंच नाही. सोय झाली, बारस झाली नाही. हे मत आमच्यातल्या सगळ्यांचं नाही. दोघांना हॉलच बरा वाटतो आणि म्हातारपणी खाली बसायला त्रास होतो हा त्यांचा मुद्दा खरा आहे. त्यांच्यासाठी खुर्च्या ठेवू.

तेव्हा कमिटीशी बोलून असं ठरवलं आहे. शताब्दीच्या वर्षी बारस हॉलमध्ये नाही, आपापल्या इमारतीत, जिन्याच्या मोकळ्या जागेत. प्रत्येक मजल्यानं आपली पंगत मांडायची. मुठीचे तांदूळ आषाढ लागल्यापासून काढायला सुरुवात करा, डबा नसेल तर आमच्याकडे रिकामे आहेत. वॉचमन, सफाईवाले, लिफ्टवाले यांना निरोप आदल्या दिवशी द्यायचा, आणि त्यांनी आपल्या पंगतीत बसायचं, ताट खाली पाठवायचं नाही. भाजी भोपळ्याची. पुरण ज्यांना जमेल त्यांनी. मंजिऱ्या हव्या असतील तर दशमीच्या संध्याकाळी हरिपाठाला या, पुडीत बांधून ठेवलेल्या असतील. त्या मूळच्या डालड्याच्या डब्यातल्याच तुळशीच्या आहेत.

रामकृष्ण हरी.